दोनशे चौदा नंबरचा कोट

नितेश परबच्या घरात एकेचाळीस कोट होते आणि त्यांतला एकही त्याने कधी अंगात घातला नव्हता.

मुलुंड पूर्वेला त्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट. त्यातली लहान खोली कोटांची. ट्राम कंडक्टरचा खाकी, पोस्टमनचा, रेल्वेच्या गार्डाचा काळा, कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीच्या दरवानाचा लाल कॉलरचा. प्रत्येकाला मलमलची पिशवी, पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर खातं आणि साल. त्याची बायको रुचिरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पाहुणे आले की आम्ही त्यांना हॉलमध्ये झोपवतो. एसी मेलेल्या कंडक्टरांना."

पोटापाण्याला नितेश विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचा. कुठला पोचा आजचा, कुठला जुना, हे त्याला रंगाच्या कपच्यांवरून कळायचं. कोटांचंही तसंच. बटणावर राजमुकुट असेल तर स्वातंत्र्याआधीचा, तीन सिंह असतील तर नंतरचा, एवढं कुणालाही सांगता येतं. नितेश बटण उलटं करून मागचं कारखान्याचं नाव वाचायचा. काजं हातानं केलीत की मशीननं, अस्तर कुठल्या कापडाचं, दोऱ्याला पीळ कसा आहे, हे बघायचा. शेवटी जांभळा दिवा. दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तसला. जुन्या सुती दोऱ्यावर तो धरला तर काहीच होत नाही. साठ सालानंतरच्या पांढऱ्या दोऱ्यात बहुधा चमक आणणारं रसायन असतं. तो दिव्याखाली निळसर पेटतो, टिनोपॉलमधून काढलेल्या शर्टासारखा. इतकं सगळं झालं की मगच तो साल लिहायचा. त्याने लिहिलेलं साल आजवर कुणी खोडलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता.

गेल्या वर्षी नाटकांना कपडे भाड्याने देणारी एक जुनी ड्रेपरी बंद झाली आणि तिची गाठोडी मानखुर्दच्या एका जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे आली. राजेमहाराजांच्या मखमली अंगरख्यांखाली नितेशला तो कोट सापडला. जाड लोकरीचा, काळ्याच्या जवळ जाणारा निळा, उभ्या कॉलरचा, पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा. बंबवाल्याचा कोट. आगीच्या बंबावर जाणाऱ्या माणसाचा, आणि तोही इंग्रजांच्या काळातला. असा कोट त्याने फक्त फोटोत पाहिला होता.

आठ दिवस तो त्या कोटाजवळ बसून होता. बटणांमागे बर्मिंगहॅमच्या कारखान्याचं नाव. काजं हाताची. दोरा दिव्याखाली मेलेला, म्हणजे जुना. फक्त डाव्या काखेखाली अस्तराची वीतभर शिवण नंतर कुणीतरी परत घातलेली होती, तेवढीच निळी पेटत होती. आतल्या खिशात कापडाची एक पट्टी शिवलेली होती. तिच्यावरची शाई उडाली होती, पण फोनवर फोटो काढून, उजेड कमीजास्त करून त्याने आकडा वाचला. दोनशे चौदा.

अक्षता, त्याची एकोणीस वर्षांची मुलगी, त्याच्या संग्रहाचं सगळं टायपिंग करायची. तिने कार्ड तयार केलं : "अग्निशमन जवानाचा कोट, मुंबई. अंदाजे १९३८ ते १९४३. आतल्या खिशात क्रमांक २१४. काखेतली दुरुस्ती नंतरची." मुलुंडमधल्याच एका मंडळाने त्याच्या कोटांचं दोन दिवसांचं प्रदर्शन ठरवलं होतं. त्याच्या आयुष्यातलं पहिलं. पोस्टरवर हाच कोट होता. तीस वर्षं एका संग्रहालयात जुनी वस्त्रं सांभाळलेल्या संघमित्रा गायकवाड यांना त्याने घरी जाऊन बोलावणं केलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "येते. तो बंबवाल्याचा कोट बघायलाच येते."

अक्षताने कोटाचा फोटो संग्रहाच्या फेसबुक पेजवर टाकला. खाली लिहिलं, "हा कोट कोणाचा? ओळखा पाहू!" साल मुद्दामच लिहिलं नाही.

तीन दिवसांनी घाटकोपरच्या सुयोग तावडे नावाच्या तरुणाचा मेसेज आला. माझ्या आजीला हा कोट बघायचाय, आणू का? नितेशने लगेच हो म्हटलं. लोक कोट बघायला घरी आले की तो खुलायचा.

प्रदर्शनाला तेरा दिवस उरले होते. रविवारी सकाळी दोघं आली. आजी ठेंगणी, ब्याऐंशी वर्षांची, काठाच्या सुती साडीत, हातात स्टीलचा डबा.

"घावणे आहेत. सकाळीच केले," डबा अक्षताकडे देत त्या म्हणाल्या. "मी शेवंती. परब म्हणजे कुठले तुम्ही?"

"कुडाळजवळचे."

"मग आपल्यातलेच की! आम्ही देवगडकडचे. आता सगळं आयुष्य घाटकोपरला भटवाडीतच गेलं म्हणा."

नितेशने कोट टेबलावर पांढऱ्या कापडावर पसरला होता. शेवंतीआजी खुर्चीत बसल्या, पण टेकल्या नाहीत. कोटाला हात न लावता बराच वेळ बघत राहिल्या. मग सांगू लागल्या.

"माझे वडील बंबखान्यात होते. बाळा राणे. चव्वेचाळीस साली गोदीत स्फोट झाला ना, त्यात गेले. मी आठ महिन्यांची होते. अंगावर होता तो कोट त्यांच्याबरोबर गेला. परेडला घालायचा दुसरा होता, तो ट्रंकेत राहिला. आईनं अठरा वर्षं सांभाळला. दर दिवाळीआधी उन्हात घालायची. मग वाडीतल्या मंडळानं नाटक बसवलं. माझा मामा त्यात इन्स्पेक्टर. म्हणाला, ताई, कोट दे, दोन दिवसांत आणून देतो. पण तो कपडेवाल्याच्या सामानात गेला म्हणे. आई मरेपर्यंत त्या भावाशी बोलली नाही."

नाटक हा शब्द आला तेव्हाच नितेशला ड्रेपरीची गाठोडी आठवली होती.

"अजून काही आठवतं त्याच्याबद्दल?" त्याने विचारलं. विचारायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं.

"नंबर. दोनशे चौदा. बंबखान्यात नंबरानं हाका मारायचे. आई कधी कधी भिंतीकडे बघून म्हणायची, दोनशे चौदा, जेवायला या."

सुयोग पुढे झाला. तिशीतला, मोकळा, बडबड्या. "सर, आजीच्या बाबांचा निघाला ना, तर आम्ही घरी नेणार हां. काय असेल ते आपण बोलू. पण आजीला एकदा खात्री करून द्या. तुम्ही एक्स्पर्ट आहात."

शेवंतीआजींचा हात आता कॉलरवर होता. आतल्या खिशातली पट्टी त्या हातापासून चार बोटांवर होती.

पुढे नितेशने त्या मिनिटाची पुष्कळदा उजळणी केली. त्याला पोस्टर दिसलं होतं. संघमित्राबाई दिसल्या होत्या. भटवाडीतल्या खोलीत खिळ्याला टांगलेला, कसर लागलेला कोट दिसला होता. ही माणसं याचं काय करणार, असं त्याला वाटलं होतं, आणि हे वाटणं त्याला अगदी खरं, जवळजवळ कर्तव्यासारखं वाटलं होतं.

त्याने जांभळा दिवा उचलला, खिडकीचा पडदा ओढला, कोटाची डावी बाजू उलटली आणि काखेखालच्या शिवणीवर दिवा धरला. दोरा निळा पेटला.

"आजी, हे बघा. हा दोरा साठ सालानंतरचा आहे. चव्वेचाळीस साली असा दोरा मिळत नव्हता."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

आजी वाकून बघत राहिल्या. "म्हणजे कोट पण..."

नितेशने हो अशी मान हलवली.

"नंतरचा," त्याच पुढे म्हणाल्या.

"असे शेकडो कोट होते आजी. एकाच नमुन्याचे."

दिवा विझवून त्याने पडदा सरकवला. दारापाशी उभी असलेली अक्षता त्याच्याकडे बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

शेवंतीआजींनी उलटलेली बाजू आपल्या हातांनी सरळ केली, सुरकुती काढली. "मग नाही. बरं झालं विचारलं. उगाच मनात राहिलं असतं." उठताना त्यांनी कोटाला नमस्कार केला. "कोणाच्या तरी बापाचाच आहे ना हाही. ज्यांचा असेल त्यांना मिळू दे."

चहा घेऊन दोघं निघाली. दार लोटता लोटता लिफ्टपाशी आजी नातवाला सांगत होत्या ते नितेशला ऐकू आलं. "माणूस चांगला आहे रे. दुसरा असता तर हो म्हणून गळ्यात मारला असता."

अक्षता डबा रिकामा करत होती. ओट्याकडे तोंड करूनच तिने विचारलं, "बाबा, खिशातली पट्टी का नाही दाखवलीस?"

"नंबर परत परत दिले जायचे. माणूस गेला की नंबर दुसऱ्याला. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"मग तेच सांगायचंस ना त्यांना."

"मी काही खोटं बोललो नाही."

"नाही. तू मान हलवलीस."

घावणे तसेच राहिले. रुचिराने दुपारी विचारलं, कोणी खाल्ले का नाहीत, तर अक्षताने ते झाकून फ्रिजमध्ये ठेवले.

पुढचे दिवस नितेश त्या खोलीत गेला नाही. काम मात्र होतंच. अंधेरीच्या एका गॅरेजमध्ये एक माणूस दरवाजावरचा जुना पोचा नव्या अपघातातला म्हणून दाखवत होता. शपथा घेत होता, मुलांच्या. नितेशला पोच्याच्या कडेचा गंज दिसत होता. एरवी त्याने दोन वाक्यांत त्याला गप्प केलं असतं. त्या दिवशी तो माणसाच्या चेहऱ्याकडेच बघत राहिला. इतकं सरळ तोंड करून खोटं बोलता येतं, आणि बोलणाऱ्याला घामही येत नाही. शेवटी त्याने "परत येतो" म्हटलं आणि बाहेर येऊन रिक्षात बसला. कुठे जायचं हे रिक्षावाल्याने दोनदा विचारलं.

त्याने दोनदा सुयोगचा नंबर काढला. फोन लावला नाही. काय सांगणार होता? परत तपासलं, चूक झाली, असं? त्यालाही तो तयार झाला असता, पण त्याच्याकडून चूक झाली असं म्हणणं म्हणजे आणखी एक खोटं. आणि खरं ते सांगायला शब्दच सापडत नव्हते. मग गुरुवारी सुयोगचाच मेसेज आला. "सर, आजीला तुमचं प्रदर्शन बघायचंय. तुमचं फार कौतुक करते. शनिवारी घेऊन येतो."

पोस्टर गावभर लागली होती. कोट काढून घेणं शक्य नव्हतं. आणि कार्डावर १९३८ ते १९४३ लिहिलेलं, खाली दोनशे चौदा.

त्या संध्याकाळी नितेशने कॉम्प्युटरवर स्वतःच कार्ड बदललं. "अंदाजे १९६० ते १९६५." नंबरची ओळ काढून टाकली. दुरुस्तीचीही. छापून आलेला कागद अक्षताने बघितला.

"मी आजपर्यंत मैत्रिणींना सांगायचे," ती म्हणाली, "बाबा एकदा साल म्हणाला की संपलं."

"अक्षता..."

"मी येईन शनिवारी. टेबलावर बसेन. पण हे कार्ड तू लाव."

त्याने ते लावलं. शनिवारी सकाळी सभागृहात कोट उभ्या स्टँडवर चढवताना, त्या बटणांपुढे ते कार्ड ठेवताना, त्याला कोणी बघत नव्हतं तरी कान तापले. वीस वर्षांत त्याने जाणूनबुजून खोटं साल कधी लिहिलं नव्हतं.

अकरानंतर माणसं येऊ लागली. बरीच आली. निवृत्त पोस्टमन आले, कोणी ट्राम आठवणारे आले, शाळेची मुलं आली. शेवंतीआजी सुयोगचा हात धरून आल्या आणि नितेशला म्हणाल्या, "छान मांडलंय हो." त्या हळूहळू एकेका कोटापाशी थांबत चालल्या. बंबवाल्याच्या कोटापाशी आल्या तेव्हा तिथे आधीच संघमित्रा गायकवाड उभ्या होत्या. उंच, पांढरे आखूड केस, नाकावर चष्मा. त्यांनी कार्ड वाचलं होतं आणि आता त्या बटणांकडे बघत होत्या.

"परब, जरा इकडे या. हे काय लिहिलंय तुम्ही? साठ?"

नितेश गेला. भोवती आठदहा माणसं होती.

"अहो, हे बटण बघा. ही काजं बघा. साठ साली कोण हातानं काजं करत होतं? महिन्यापूर्वी तुम्हीच मला घरी येऊन लढाईच्या काळातला म्हणून सांगितलंत. काय झालं मधे?"

"नंतर... परत तपासताना अस्तराचा दोरा..."

"अस्तर कोणीही शिवेल. अस्तरावरून कोटाचं साल काढतात का? हे तुम्हाला मी सांगायचं?" त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, नवल वाटल्यासारखा होता. त्यामुळे माणसं जास्तच लक्ष देऊ लागली.

तेव्हा शेवंतीआजी मधे पडल्या.

"बाई, तुम्ही त्यांना बोलू नका," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला दिवा लावून दाखवलंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. माझ्या वडलांचा म्हणून मी आशेनं गेले होते, त्यांना खोटं सांगून मला खूष करता आलं असतं. नाही केलं त्यांनी. असा माणूस चुकायचा नाही."

संघमित्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नितेशकडे. "वडलांचा?" त्या म्हणाल्या. "मग काही खूण असेल. नाव, नंबर. असे कोट वाटताना आत पट्टी शिवायचे." आणि त्यांनी कोटाची वरची दोन बटणं काढून आतल्या खिशाकडे हात नेला.

"आजी," नितेश म्हणाला. "हा कोट तुमच्या वडलांचाच आहे."

संघमित्राबाईंचा हात कोटाच्या आतच थांबला.

"आत नंबर आहे. दोनशे चौदा. तुम्ही घरी आलात तेव्हा मला माहीत होतं. तुम्ही सांगायच्या आधीपासून माहीत होतं. मी तुम्हाला फक्त दुरुस्तीची शिवण दाखवली. मला कोट द्यायचा नव्हता."

सांगून झाल्यावर बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तो हात खिशाकडे गेला नसता तर आपण बोललो असतो का, हा प्रश्न तिथल्या तिथेच त्याच्या मनात आला, आणि त्याचं उत्तर त्याला कधीच मिळालं नाही.

"काय माणूस आहात यार तुम्ही!" सुयोगचा आवाज चढला. "ब्याऐंशी वर्षांची बाई आहे ती. दोन आठवडे घरात सगळ्यांना सांगतेय, परब किती प्रामाणिक. वाट लावलीत ना तिची!"

"सुयोग, माका बसू दे रे जरा," शेवंतीआजी म्हणाल्या.

अक्षता टेबलामागून खुर्ची घेऊन धावली. आजी बसल्या. संघमित्राबाईंनी न विचारता कोट स्टँडवरून उतरवला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. आजींनी खिशात हात घातला, पट्टी बाहेर ओढली. त्यांना आकडे दिसत नव्हते. त्यांनी ती नुसती अंगठ्याने चाचपली. मग कोटाची डावी बाजू उलटली, काखेखालची शिवण बोटाने शोधली आणि डोळ्यांजवळ नेली.

"मामाला कोट द्यायच्या आदल्या दिवशी आवशीन ह्यां अस्तर शिवल्यान," त्या हळूच म्हणाल्या. "मी दोरा ओवून दिला होता. तिला दिसत नव्हतं. अठरा वर्षांची होते मी." त्यांनी मान वर केली. "ह्यो माझ्या आवशीचो टाको. तुम्ही दिवा धरलात तेव्हा माझ्या नाकासमोर होता. आणि मी ओळखला नाही."

"आजी, त्यात तुमची चूक नाही. मी..."

"तुमची आहेच. पण मी माझ्या आईचा टाका बघितला नाही, तुमचा दिवा बघितला. आता ते काय मी विसरणार नाही."

हे नितेशला सगळ्यात जास्त लागलं. नुसता कोट चोरला असता तर तो परत देता आला असता. पण आपली लाज त्याने या बाईच्या पदरात टाकली होती, आणि ती आता तिथेच राहणार होती. त्याला वाकून पाया पडावंसं वाटलं, पण एवढ्या लोकांत तेही दिखाऊ झालं असतं.

सुयोग कोट घेऊन लगेच निघायच्या बेतात होता. आजींनी त्याला थांबवलं.

"आज राहू दे. माणसं बघायला आलीत. बाबांचा कोट इतक्या लोकांनी कधी बघितला होता? उद्या सकाळी घरी आणून द्या," त्या नितेशला म्हणाल्या. "तुम्ही स्वतः. आणि ती चिठ्ठी बदला."

अक्षताने लगेच जुना मजकूर परत छापून आणला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे जायला यायला तिला पंधरा मिनिटं लागली. तेवढा वेळ कोटापुढे काहीच नव्हतं आणि नितेश खांबाशी उभा होता. माणसं त्याला वळसा घालून जात होती. संघमित्राबाई जाताना त्याच्यापाशी थांबल्या.

"मी पण एकदा एक पैठणी परत द्यायला टाळाटाळ केली होती," त्या म्हणाल्या. "सरकारी नियम दाखवत राहिले. ती बाई वारली." एवढं बोलून त्या गेल्या. त्यांनी ते समजूत घालायला सांगितलं की आणखी काही, हे त्याला कळलं नाही.

रविवारी सकाळी तो भटवाडीत गेला. टेकडीच्या पायऱ्या चढून, विचारत विचारत. मलमलच्या पिशवीतला कोट दोन्ही हातांवर आडवा धरलेला होता, त्यामुळे घाम पुसता येत नव्हता. सुयोगने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर फ्रेममध्ये पाच बंबवाल्यांचा जुना फोटो. खालच्या रांगेत डावीकडचा, आजींसारख्याच रुंद कपाळाचा.

शेवंतीआजींनी पलंगावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. कोट तिच्यावर ठेवायला सांगितलं. पाणी दिलं. चहा विचारला नाही.

"आजी, हा प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका," नितेशने सुरुवात केली. "सुती कापडातच. कडुलिंबाचा पाला घातलात तरी चालेल, पण वाळवून. बटणांना चिंच-बिंच लावून घासू नका, नाहीतर..."

आजी लक्ष देऊन ऐकत होत्या. तो थांबल्यावर त्या नातवाकडे वळल्या.

"सुयोग, ह्यां त्या पांढऱ्या केसांच्या बाईंका पण विचार रे एकदा. खरां काय तां."

त्या टोमणा मारत नव्हत्या. एखाद्या औषधाबद्दल दुसऱ्या डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी सांगितलं होतं. नितेशने मान डोलावली, "हो, विचारा त्यांना," म्हणाला, आणि संघमित्राबाईंचा नंबर सुयोगला लिहून दिला. मग रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, निरोप घेतला आणि पायऱ्या उतरला.

सभागृहात तो पोहोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाची गर्दी सुरू झाली होती. पोस्टर बघून आलेले लोक रिकाम्या स्टँडपाशी थांबत होते. अक्षता कुणाकुणाला "कोट परत दिला" एवढंच सांगत होती. सफारी घातलेले एक गृहस्थ, बहुधा मंडळाच्या कार्यकारिणीतले, नितेशचा हात धरून म्हणाले, "ज्यांचा होता त्यांना तुम्ही घरी नेऊन दिलात म्हणे? वा! आजकाल कोण करतं असं? मोठं मन लागतं त्याला."

नितेशने अक्षताकडे पाहिलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती, पण तिचं पेन थांबलं होतं.

हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं हसलं तरी झालं असतं.

"नाही हो," तो म्हणाला. "तसं नाही झालं. त्या बाई माझ्या घरी आल्या होत्या, आणि मी त्यांना फसवलं."

आणि त्याने त्यांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. खिशातली पट्टी, दिवा, मान हलवणं. ते गृहस्थ आधी हसतमुख होते, मग त्यांचा चेहरा अवघडला. त्यांनी हात सोडवून घेतला, घड्याळात पाहिलं, "असं होय," म्हणाले, आणि त्याचं सांगणं पुरं व्हायच्या आत ट्राम कंडक्टरच्या कोटाकडे सरकले.